सैनिकाच्या घरची खुशाली कशी मोजायची: मराठवाड्यात पहिल्यांदा अभ्यास करणाऱ्यांसाठी

हा लेख समाजकार्य, मानसशास्त्र किंवा सामुदायिक वैद्यकशास्त्र शिकणाऱ्यांसाठी आणि सैनिक कुटुंबांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आहे. सैनिकाच्या बायकोला रात्री झोप लागत नाही, हे कळणं सोपं आहे. ती झोप नवरा सीमेवर आहे म्हणून उडाली, सोयाबीनला भाव नाही म्हणून उडाली की सोसायटीचं कर्ज थकलंय म्हणून, हे कळणं अवघड आहे. पहिल्यासाठी तयार प्रश्नावली पुरते. दुसऱ्यासाठी अभ्यासाची मांडणीच नीट करावी लागते, आणि नवखे लोक नेमके तिथेच चुकतात. म्हणून खाली मांडणी आणि भाषा यांवर जास्त लिहिलं आहे, बाकीचं थोडक्यात.

पहिली पायरी: ‘मिलिटरीत आहे’ म्हणजे नक्की कुठे?

गावात वर्दीतला प्रत्येक माणूस ‘मिलिटरीत’ असतो. सेना, नौदल, वायुदल हे संरक्षण मंत्रालयाखाली येतात. सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, आयटीबीपी, एसएसबी आणि सीआयएसएफ ही दलं गृह मंत्रालयाखाली. घरच्यांना हा फरक रोज जाणवत नाही, पण अभ्यासात तो मोठा आहे. 1 एप्रिल 2003 पासून सुरू असलेली माजी सैनिकांची ईसीएचएस आरोग्य योजना पहिल्या गटासाठी आहे, निमलष्करी दलांतून निवृत्त झालेल्यांसाठी नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या नोंदीही पहिल्या गटाच्याच असतात. रजेचे नियम वेगळे, बदल्यांची पद्धत वेगळी. दोन्ही गट एकत्र करून काढलेली सरासरी कोणाचीच नसते. फॉर्मवर पहिलाच प्रश्न दलाचा ठेवा आणि उत्तर ओळखपत्र किंवा डिस्चार्ज बुक पाहून पडताळा.

त्यानंतर गट ठरवा. सेवेत असलेल्याची बायको, ‘पेन्शन आलेला’ माजी सैनिक, वैद्यकीय कारणाने घरी आलेला सैनिक, वीरपत्नी, सैनिकाचे आईवडील, अग्निवीराचं घर. या सहांपैकी एक, फार तर दोन घ्या. जवानाला 15 वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन लागू होते, त्यामुळे बरेच जण चाळिशीच्या आसपासच घरी येतात आणि नव्याने काम शोधतात. अग्निवीराची सेवा 4 वर्षांची, पुढे कायम होणारे जास्तीत जास्त 25 टक्के, आणि त्या 4 वर्षांवर पेन्शन नाही. या दोन घरांतली काळजी एका मापाने मोजता येत नाही.

सेवेत असलेल्या सैनिकाची मुलाखत पहिल्या अभ्यासात घेऊ नका. त्याला सेवेविषयी बाहेर बोलायला वरिष्ठांची परवानगी लागते, आणि ती न घेता तुम्ही त्याला बोलतं केलंत तर त्रास त्याला होतो. घरच्यांशी बोलतानाही पोस्टिंगचं ठिकाण, युनिटचं नाव, हालचाल, रजेची पुढची तारीख विचारू नका. बोलण्याच्या ओघात कुणी सांगितलं तरी लिहू नका, रेकॉर्ड झालं असेल तर तेवढा भाग पुसा. ‘फिल्डला आहे’ (सीमेजवळ, जिथे घरचे सोबत राहू शकत नाहीत) की ‘पीसला आहे’ (छावणीत, जिथे ते राहू शकतात), एवढंच अभ्यासाला पुरतं.

दुसरी पायरी: तुलनेची घरं

फक्त सैनिकांची घरं मोजलीत तर हातात एक आकडा येईल, पण तो जास्त की कमी हे सांगता येणार नाही. त्यामुळे प्रत्येक सैनिक घरासोबत त्याच गावातली आणखी दोन घरं घ्या. एक असं, जिथला नवरा कामासाठी वर्षातला बहुतेक काळ बाहेर असतो: चाकणच्या कंपनीत, मुंबईत ड्रायव्हर, कुठेही. दुसरं असं, जिथला नवरा गावातच राहून शेती करतो.

बीड, जालना, परभणीकडे ‘बाहेर गेलेला नवरा’ म्हटलं की ऊसतोडीचं घर पटकन सुचतं. ते इथे चालत नाही. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई नवऱ्यासोबत फडावर असते, त्यामुळे ‘नवरा लांब, बाई मागे’ ही अटच पुरी होत नाही. शिवाय दिवाळीच्या सुमारास गेलेलं ते घर उन्हाळ्यापर्यंत बंद असतं.

तिन्ही घरं शक्य तितकी सारखी हवीत: बाईचं वय पाच वर्षांच्या आतबाहेर, जमीन जवळपास सारखी, विहीर-बोअरचं पाणी आहे की कोरडवाहू, एकत्र कुटुंब की वेगळं. महिन्याला ठरलेल्या तारखेला पगार जमा होतो का, हे स्वतंत्र नोंदवा. फौजेचा पगार नियमित येतो, कंत्राटी कामाचा तसा येतोच असं नाही, आणि पैशाची खात्री झोपेवर परिणाम करते. जमलं तर काही घरं शिक्षक किंवा एसटी कर्मचाऱ्यांची घ्या, म्हणजे नियमित पगाराचा परिणाम वेगळा काढता येईल.

पुढे आकडे असे वाचायचे. सैनिक घर आणि चाकणवाल्याचं घर सारखंच थकलेलं, गावातल्याचं बरं, तर दुरावा बोलतोय. सैनिक घर दोघांहून जास्त अस्वस्थ, तर सेवेतलं काहीतरी कारण असण्याची शक्यता. तिन्ही सारखीच खचलेली असतील तर प्रश्न शेतीचा आणि गावाचा आहे, आणि तसं स्पष्ट लिहायला कचरू नका. तो निष्कर्षही तितकाच मोलाचा आहे.

तिसरी पायरी: यादी आणि आकडा

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात घरोघरी फौजी सापडतात. आपल्याकडे सैनिकांची घरं विखुरलेली, एका गावात चार, पुढच्यात एकही नाही. त्यामुळे ‘पाच गावं निवडली आणि सगळी घरं घेतली’ हे मराठवाड्यात सहसा जमत नाही; तालुका हेच एकक धरा.

सुरुवात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून करा. अर्ज विभागप्रमुखांच्या सहीने, सोबत एक पानाचा आराखडा. पत्ते मागू नका. ते देणं त्यांच्यासाठी अडचणीचं असतं आणि अर्ज तिथेच अडकतो. त्याऐवजी तुमचं माहितीपत्रक कार्यालयामार्फत कुटुंबांपर्यंत जावं अशी विनंती करा. इच्छुक लोक स्वतः संपर्क करतील. कार्यालयाच्या यादीत माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा सापडतात, सेवेत असलेल्यांची घरं सगळी सापडत नाहीत. त्यासाठी आशाताई, ग्रामसेवक, शाळेचे मुख्याध्यापक, माजी सैनिकांची तालुका संघटना अशा चार वेगवेगळ्या वाटांनी जा. एका ओळखीतून जास्तीत जास्त तीन घरं घ्या, नाहीतर सगळी एकाच भावकीतली निघतात.

संख्येचं गणित असं: त्रास असलेल्या घरांचं प्रमाण 50 टक्के धरून 10 टक्के चूक चालणार असेल तर 96 घरं लागतात. तालुक्यात अशी एकूण 400 घरं असतील तर 96 ला (1 + 95/400) ने भागा, 78 येतात. पाचातलं एक घर नकार देईल असं धरून 98 घरांकडे जा. चूक 5 टक्क्यांवर आणायची तर 78 च्या जागी 197 लागतात. दोन मुलाखतकारांच्या एका जोडीच्या दिवसाला तीन मुलाखती होतात, चौथी घाईची होते. म्हणून पदव्युत्तर प्रबंधाला 40 सैनिक घरं आणि त्यांची 80 तुलनेची घरं, म्हणजे 40 दिवसांचं काम, आणि त्यातल्या 12 ते 15 बायकांशी सविस्तर बोलणं, एवढं पुरे. त्याला प्राथमिक अभ्यास म्हणा. 40 घरांवरून जिल्ह्याची टक्केवारी छापू नका.

चौथी पायरी: परवानगी

संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी मिळेपर्यंत एकही मुलाखत नको, सरावाचीसुद्धा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. मुलांशी बोलणार असाल तर पालकांची संमती आणि मुलाचा होकार दोन्ही लागतात. 7 ते 12 वयात तोंडी, 12 च्या पुढे 18 पर्यंत लेखी. सही न करणाऱ्या आजीचा अंगठा घ्यायचा तर साक्षीदार तुमच्या चमूतला चालत नाही.

संमतीपत्रकात ठळक अक्षरांत एक वाक्य हवंच: ‘यातून कुठलीही योजना, पैसा किंवा नोकरी मिळणार नाही.’ कागद आणि पेन घेऊन आलेला माणूस योजना घेऊनच आलाय असं लोक धरून चालतात, आणि मग अडचणी वाढवून सांगतात. हे वाक्य वाचूनही दाखवा.

पाचवी पायरी: मापं निवडणं

नवी प्रश्नावली स्वतः रचू नका. तिची विश्वासार्हता सिद्ध करायलाच वर्ष जाईल. सुरुवात डब्ल्यूएचओ-5 ने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या खुशालीच्या छोट्या प्रश्नावलीने करा. पाच विधानं, प्रत्येकाला 0 ते 5, बेरजेला 4 ने गुणायचं. 50 च्या खाली आलं तर पुढे नीट पाहायचं. सगळी विधानं चांगल्या गोष्टींची असल्यामुळे समोरचं माणूस आखडत नाही. मग उदासीसाठी पीएचक्यू-9, 0 ते 27, आणि चिंतेसाठी जीएडी-7, 0 ते 21. दोन्हीत 10 किंवा जास्त गुण आले तर तपासणीचा सल्ला द्यायचा. हे निदान नव्हे. अहवालात ‘रुग्ण’ हा शब्द आला की समजा चूक झाली.

माजी सैनिकांसाठी दारूचा ऑडिट हा 10 प्रश्नांचा फॉर्म जोडता येतो. त्यात ‘एक माप’ म्हणजे किती, हे आधी ठरवा. 42.8 टक्क्यांच्या रमचा 30 मिलीचा पेग म्हणजे साधारण 10 ग्रॅम मद्यार्क, आणि क्वार्टर म्हणजे असे 6. हे न ठरवता विचारलंत तर ‘दोनच घेतो’ मधले दोन पेग की दोन ग्लास, हे कधीच कळत नाही. भीषण प्रसंगांच्या आठवणींसाठीची पीसीएल-5 ही 20 प्रश्नांची मापनी मात्र नवख्यांनी घेऊ नये. जुनी जखम उघडून पुढच्या गावाला निघून जाणं योग्य नाही.

सगळं मिळून 45 मिनिटांच्या आत संपलं पाहिजे.

सहावी पायरी: भाषा, जिथे बहुतेक अभ्यास बुडतात

छापील मराठी भाषांतर शुद्ध असतं, पण ते बोललं जात नाही. ‘तुम्हाला निराश वाटलं का?’ या प्रश्नाला औसा किंवा गेवराईकडची बाई सरळ ‘नाही’ म्हणते, आणि पुढच्याच वाक्यात ‘करमत न्हाई बघा, अन्न गोड लागत न्हाई’ असं सांगते. फॉर्मवर शून्य पडतो. जिवाला घोर लागला, धसका घेतला, डोळ्याला डोळा लागत नाही, छातीत धडधडतं, डोकं जड झालंय, मनात इचार येतात: त्रासाचे शब्द हे आहेत. ‘टेन्शन’ सगळे म्हणतात, पण त्यात राग, भीती, पैशाची ओढाताण असं काहीही असतं. म्हणून त्या शब्दावर थांबून विचारा, ‘टेन्शन आलं की तुम्हाला काय होतं?’

मापनीचे मूळ शब्द मनाने बदलू नका, नाहीतर गुणांची तुलना इतर अभ्यासांशी होणार नाही. मंजूर भाषांतर जसंच्या तसं वाचा आणि त्याखाली स्पष्टीकरणाचं एक ठरलेलं वाक्य ठेवा, जे प्रत्येक मुलाखतकार तेच म्हणेल. हे वाक्य ठरवण्यासाठी आधी 8 ते 10 बायकांना प्रश्न वाचून दाखवा आणि ‘हे तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणा. दहातल्या तिघींनी वेगळा अर्थ सांगितला तर वाक्य बदला.

पीएचक्यू-9 मधल्या तीन जागा विशेष त्रास देतात. एकाग्रतेच्या प्रश्नात वर्तमानपत्र वाचण्याचं उदाहरण आहे. जी वाचत नाही तिला ‘भाजीत मीठ दोनदा पडतं का, चुलीवरचं दूध विसरून उतू जातं का’ असं समजावा. भुकेचा प्रश्न श्रावणात आणि नवरात्रात फसतो, कारण उपवासामुळे जेवण कमी झालेलं असतं. थकव्याचा प्रश्न काढणीच्या पंधरवड्यात सगळ्यांनाच लागू होतो.

उत्तराच्या पर्यायांचंही तसंच. ‘निम्म्याहून जास्त दिवस’ हे डोक्यात बसत नाही. पिशवीत 14 चिंचोके ठेवा. बाईसमोर ओळीने मांडा आणि म्हणा, ‘हे मागचे चौदा दिवस. त्यातल्या किती दिवशी असं झालं, तितके बाजूला काढा.’ शून्य किंवा एक निघाला तर 0 गुण, 2 ते 6 ला 1, 7 ते 11 ला 2, 12 ते 14 ला 3. हात चिंचोक्यांवर जातो, नजर खाली राहते आणि उत्तर मोकळं येतं. एखादी चार काढते, थांबते, आणखी दोन सरकवते. ती थांबलेली वेळसुद्धा टिपून ठेवा.

माजी सैनिकांची अडचण उलटी. वर्षानुवर्षांच्या सवयीने ‘सब ठीक’ हे पहिलं उत्तर येतं. त्यांच्याशी शरीरापासून सुरू करा: झोप, गुडघे, बीपी, मग राग, मग एकटेपण.

सातवी पायरी: कधी जायचं

जून-जुलैत पेरणी, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीन काढणी. हे महिने सोडा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. फक्त लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला जाऊ नका, येळवशीला अख्खं गाव शेतात असतं. उन्हाळ्यात टँकरची वेळ विचारून जा, नाहीतर हॉर्न वाजताच मुलाखत अर्धी राहते.

दोन तारखा प्रत्येक फॉर्मवर लिहायच्याच. पहिली, नवरा शेवटचा सुट्टीवरून कधी परत गेला. सेनेत जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची किरकोळ रजा असते. पीएचक्यू मागच्या 14 दिवसांचं विचारतं. तो परवाच गेला असेल तर त्या 14 दिवसांतले 12 त्याच्या सहवासातले, आणि दोन घर खायला उठल्याचे. तीन महिन्यांपूर्वी गेलेल्याच्या घराशी त्याची तुलना होत नाही. दुसरी, मुलाखतीची तारीख, आणि सोबत त्या आठवड्यातल्या सीमेवरच्या बातम्यांची नोंदवही. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत घेतलेली मुलाखत आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरातली मुलाखत एका रांगेत ठेवता येत नाही.

आठवी पायरी: घरात गेल्यावर

जोडीने जा, आणि बायकांशी बाईनेच बोलायचं. सासू शेजारी असली की सून ‘समदं चांगलं आहे’ म्हणते. सासूला बाहेर जा म्हणणं अपमानाचं आहे, आणि तशी गरजही नाही. तीही सैनिकाची आई आहे, तिची खुशालीही मोजायची आहे. एकीने ओसरीवर मावशींची मुलाखत घ्यावी, दुसरीने त्याच वेळी आत ताईंची. दोघींना मान मिळतो, दोघी मोकळ्या होतात.

सैनिकाचा घरी फोन आला तर लगेच थांबा, उठून अंगणात या. तो कॉल किती मोलाचा असतो हे त्या घरालाच माहीत.

बोलता बोलता खोलीतली काळी लोखंडी पेटी उघडते. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव, आत प्लास्टिकच्या फाईलमध्ये पेन्शनचे कागद, फोटो, मेडल. कागद अदबीने पाहा, पण पेटीचा फोटो काढू नका. एका फोटोत त्या माणसाची सगळी ओळख असते. दारावरच्या पाटीचंही तेच. मोबाईलवर फॉर्म भरण्यासाठी कोबो टूलबॉक्ससारखं ॲप वापरत असाल तर ठिकाण नोंदवणारा पर्याय फॉर्ममधून काढून टाका.

नवव्या प्रश्नाची तयारी

पीएचक्यू-9 चा शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांचा आहे. तो गाळू नका, आणि तयारीशिवाय विचारूही नका. एक जरी चिंचोका निघाला तरी फॉर्म बाजूला ठेवा. आत्ता विचार आहे का, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, हे शांतपणे विचारा. आपल्याकडे साधन म्हणजे बहुतेकदा घरातलं फवारणीचं औषध. ते कुलपात किंवा शेजारी ठेवायला लावा. बाईला एकटी सोडून निघू नका. तिच्या विश्वासाचं माणूस बोलावून घ्या, तिच्यासमोर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या 14416 वर फोन लावून द्या, आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्याच किंवा दुसऱ्या दिवशी कोण नेणार ते ठरवा. धोका तातडीचा वाटला तर 112. सशस्त्र दलांतल्या लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात 1 डिसेंबर 2023 पासून टेली-मानसचा स्वतंत्र कक्ष आहे. गुप्ततेचं वचन जिवाला धोका असताना लागू राहणार नाही, हे संमतीच्या वेळीच सांगितलेलं असावं.

संध्याकाळी मुलाखतकारांनी एकत्र बसून बोलायचं. ऐकणाऱ्यावरही भार पडतो.

नंतरचं काम

नावांची यादी आणि फॉर्म वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, दोन्हींना फक्त संकेतांक जोडतो. पण ‘गावातली वीरपत्नी’ एकच असेल तर संकेतांक तिला लपवू शकत नाही. अशा वेळी गावाचं नाव गाळून फक्त जिल्हा लिहा, वय दशकात सांगा, आणि ज्या रकान्यात पाचपेक्षा कमी माणसं आहेत तो छापू नका. तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास लागतात, ते वेळापत्रकात आधीच धरा. बोली तशीच उतरवा. ‘इचार’ला ‘विचार’ केलंत की अर्ध बोलणं हरवतं.

विश्लेषणाआधी मापनीचा क्रोनबॅक अल्फा काढा, म्हणजे तिचे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा. 0.7 च्या खाली आला तर बहुतेकदा मुलाखतकारांनी स्पष्टीकरण आपापल्या शब्दांत दिलेलं असतं. आधी ते तपासा. घरं तीन-तीनच्या जुळणीने निवडली आहेत, तर तुलनाही त्या तिघांमध्येच करा.

अहवाल छापण्याआधी निष्कर्ष एका पानावर, मोठ्या अक्षरांत, साध्या मराठीत काढा आणि तालुक्याच्या ठिकाणी बायकांना वाचून दाखवा. ‘हे बरोबर आहे का, यात काय राहिलं?’ एवढंच विचारा आणि त्यांनी सांगितलेली दुरुस्ती अहवालात लिहा. ज्या घरांनी मुलाखतीला नकार दिला होता, त्यांनाही या बैठकीचं निमंत्रण पाठवा.